खरखर आणि शांतता

आंबेगाव तालुक्याच्या आहुपे खोऱ्यात रेडिओ लावणं हे हाताचं कसब होतं. खुंटी फिरवून पुणे केंद्र सापडलं तरी तेवढ्यावर भागत नसे. सेट उचलून जरा या अंगाला, जरा त्या अंगाला वळवायचा, भिंतीपासून हातभर पुढे घ्यायचा, मग उंबऱ्यावर ठेवून बघायचा. खरखरीतून शब्द सुटा व्हायला लागला की हात तिथेच थांबे. एकदा जागा सापडली की मग बातम्या संपेपर्यंत सेटला कुणी धक्का लावायचा नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे.

यामागे शास्त्र आहे. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. मध्यम लहरी पकडण्याचं काम तिचं. या कांडीला दिशा कळते. ती केंद्राच्या दिशेला आडवी झाली की आवाज भरतो, तिचं टोक केंद्राकडे झालं की आवाज विरतो. डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांतल्या माणसांना फेराइट हा शब्द कुणी सांगितला नव्हता. पण सेट कसा धरायचा ते त्यांच्या मनगटाला कळलं होतं.

रेडिओचं एखादं तंत्र लोक का उचलतात आणि दुसरं, कदाचित अधिक सरस, का उचलत नाहीत, हे समजून घ्यायला पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. पूर्वेला नारायणगाव, मंचर, आळेफाटा या अंगाला मोकळं बागायती रान आहे. तिथे द्राक्षं आहेत, टोमॅटो आहे, हातात पैसा आहे, आणि बाजारभाव आणि हवामान कळण्याची रोजची निकड आहे. पश्चिमेला घोड, मीना, कुकडी, पुष्पावती यांची खोरी सह्याद्रीत शिरलेली. डोंगराआडच्या वाड्यांना लहर पोचता पोचत नाही. आणि पूर्वेच्याच अंगाला, खोडदला, जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण. गेल्या शंभर वर्षांत रेडिओची जी जी तंत्रं इथवर आली किंवा वाटेतच अडली, त्यांचा निकाल दर वेळी ऐकणाऱ्याच्या हातातल्या सेटने लावला. प्रक्षेपक किती मोठा होता, याने तो कधीच लागला नाही.

पहिला निकाल मुंबईत लागला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, महिनाभराने कलकत्त्याचं. दोन्ही प्रक्षेपक दीड दीड किलोवॉटचे. आवाज भरवशाने पोचायचा तो तीसेक मैलांपर्यंत. जुन्नर मुंबईपासून सरळ रेषेत सत्तर मैलांवर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातला माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात उतरत होता. मुंबईच्या रेडिओला मात्र तो घाट चढता आला नाही.

पण कंपनी बुडाली ती घाटामुळे नव्हे. भांडवल उभं राहिलं सहा लाख रुपये, आणि त्यातला मोठा भाग दोन केंद्रं उभारण्यातच गेला. उत्पन्न यायचं ते श्रोत्यांच्या परवान्यातून. वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ कंपनीचे. सेट परदेशातून यायचे आणि त्यांची किंमत सामान्य पगारदाराच्या हाताबाहेरची असायची. सगळ्या देशातून परवान्यांचा आकडा आठ हजारांवरही गेला नाही. १ मार्च १९३० रोजी कंपनीने दिवाळं जाहीर केलं. केंद्र होतं, गाणारे होते, बोलणारे होते. ऐकायला घरात यंत्र नव्हतं. पुढे सरकारने तो पसारा ताब्यात घेतला, १९३६ साली त्याचं ऑल इंडिया रेडिओ असं नाव झालं, पण खेड्यातल्या माणसाच्या हातात सेट कसा द्यायचा हा प्रश्न तसाच पुढच्या पिढीकडे गेला.

त्या प्रश्नाचं सगळ्यात धाडसी उत्तर शोधलं गेलं ते आपल्या पुणे जिल्ह्यात. त्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. १९५५ च्या रामनवमीपासून सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने याच केंद्रावर गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण दर आठवड्याला प्रसारित होऊ लागलं आणि वर्षभर चाललं. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्या ओसरीवर शेजारी जमू लागले. व्यंकटेश माडगूळकर त्याच सुमारास केंद्राच्या ग्रामीण विभागात रुजू झाले. केंद्राला अजून तीन वर्षंही झाली नव्हती, आणि गीतरामायणाचे शेवटचे भाग चालू असतानाच युनेस्कोच्या मदतीने तिथून एक प्रयोग सुरू झाला: शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं.

कल्पना कॅनडातून आली होती. तिथे १९४१ पासून शेतकरी आठवड्यातून एकदा शेजाऱ्याच्या घरी जमून रेडिओ ऐकत आणि ऐकलेल्यावर बोलत. पुण्यात तिला इथलं रूप दिलं. मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले, त्यात पुणे होतं. गावं दीडशेच्या आसपास. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. १९ फेब्रुवारी ते २६ एप्रिल १९५६, दर रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास. एकूण वीस कार्यक्रम. शेती, आरोग्य, साक्षरता, पंचायत असे विषय.

हे ऐकायला सरकारी वाटतं, पण त्याची रीत नीट बघण्यासारखी आहे. संध्याकाळी चावडीत नाहीतर शाळेत सेट लागायचा. अर्धा तास सगळे गप्प. कार्यक्रम संपला की सेट बंद करायचा. बंद करायचा, हे महत्त्वाचं! मग बोलणं सुरू. असं खत आपल्या रानात चालेल का, त्याला पैसा कुठून आणायचा, सोसायटी देईल का. चिटणीस ते उतरवून घ्यायचा, मंडळाचे प्रश्न टपालाने पुण्याला पाठवायचा, आणि पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांना उत्तरं मिळायची. रेडिओ हे एका बाजूने बोलणारं यंत्र. या दहा आठवड्यांत ते पोस्टाच्या पिशवीच्या आधाराने दोन्ही बाजूंनी बोलू लागलं. आणि जिल्ह्याजिल्ह्यात एक संघटक गावं फिरत होता: मंडळ बसतंय की नाही, सेट चालतोय की नाही, चिटणिसाला लिहायला जमतंय की नाही हे बघत.

या प्रयोगाचं मोजमाप करायला टाटा समाजविज्ञान संस्थेतून पॉल न्यूराथ आले. व्हिएन्नाचा हा माणूस तरुणपणी नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून जिवंत सुटला होता, पुढे अमेरिकेत समाजशास्त्र शिकवत होता, आणि आता इथल्या गावांतून शेतकऱ्यांना प्रश्न विचारायची पथकं पाठवत होता. त्यांनी तीन तऱ्हेची गावं घेतली: मंडळ असलेली, रेडिओ असून मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर लोकांना तेच विषय विचारले. मंडळाच्या गावांत माहिती भराभर वाढलेली दिसली. उरलेल्या दोन्ही तऱ्हांच्या गावांत वाढ फार थोडी.

हा निष्कर्ष मला फार मोठा वाटतो. नुसता रेडिओ असलेलं गाव या कसोटीवर रेडिओ नसलेल्या गावाजवळच राहिलं होतं! म्हणजे पेटी आणून ठेवणं आणि तंत्र रुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ये जे लागतं ते माणूस: बोलावणारा, बसवणारा, लिहिणारा, उत्तर आणून देणारा.

दिल्लीने निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग उचलला. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांना या कामाचं मोल पुरतं ठाऊक होतं. न्यूराथ यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ साली छापला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंडळांची योजना देशभर लागू झाली. आकडे भराभर वाढले, हजारांत गेले. पण पुणे प्रयोगात पाच जिल्ह्यांना पाच संघटक होते, ते या हजारांच्या वाट्याला आले नाहीत. विल्बर श्रॅम यांनी १९६७ साली दहा वर्षांचा आढावा घेतला तेव्हा पुण्याची धग देशाच्या योजनेत उरली नव्हती. मंडळ कागदावर, चिटणीस बदलून गेलेला, सेट बंद.

सेट बंद का पडायचे, तेही जवळून पाहू. गावांत वीज नव्हती. व्हॉल्व्हचा सेट बॅटरीवर चालायचा, आणि ही बॅटरी म्हणजे आजचा मनगटाएवढा सेल नव्हे. एका जड खोक्यात दोन बॅटऱ्या एकत्र असायच्या, व्हॉल्व्हची तार तापवायला दीड व्होल्टची आणि वरच्या दाबासाठी नव्वद व्होल्टची. खोका संपला की गावात मिळायचा नाही. तालुक्याला मिळेलच असं नाही. एखादा व्हॉल्व्ह गेला तर सरकारी गाडी फेरीवर येईपर्यंत पेटी मुकी. एक रविवार गेला, दोन गेले, की माणसं यायची थांबायची. आणि एकदा मोडलेली बैठक पुन्हा बसत नाही, हे भजनी मंडळ चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

मग ट्रान्झिस्टर आला, आणि चित्र पालटलं. अमेरिकेत त्याचा शोध १९४७ चा, बाजारातला पहिला खिशातला सेट १९५४ चा. आपल्याकडे साठच्या दशकात तो घरोघर दिसू लागला. वीज नको, खोका नको. एव्हरेडीचे दोन-चार सेल, जे किराणा दुकानात मिळतात. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, आठवडाभर आणखी चालतात. चामड्याचं भोकंभोकं असलेलं पाकीट, खांद्याला पट्टा. द्राक्षाच्या बागेत, मोटेवर, गुरांमागे, लग्नाच्या मांडवात सेट माणसाबरोबर चालू लागला. मंचरच्या आणि नारायणगावच्या बाजारात दुरुस्तीची दुकानं निघाली. काउंटरवर पाठ उघडी टाकलेले सेट, डागणीचा धूर, राळेचा वास, पत्र्याच्या डब्यात रंगीत पट्ट्यांचे बारीक रोध. कुठलाही सेट असो, चार-दोन रुपयांत संध्याकाळपर्यंत बोलता करून मिळायचा. तंत्र गावात मुरलं याची खूण मला विक्रीच्या आकड्यात दिसत नाही, ती अशा दुकानात दिसते. ज्याला मोडल्यावर जोडणारा माणूस आठवडी बाजारात मिळतो, ते तंत्र राहतं.

यात एक गोष्ट हातची गेली, तीही सांगायला हवी. चावडीतल्या मंडळाला अखेरचा धक्का दिला तो याच ट्रान्झिस्टरने. सेट घरोघर झाल्यावर सामुदायिक श्रवणाला कोण येणार? विविध भारती १९५७ पासून होती, रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री बिनाका गीतमाला होती. शेतीचा कार्यक्रम लागला तर लोक ऐकत, पण आपापल्या घरी. ऐकून झाल्यावर सेट बंद करून बोलायची रीत गेली. मोठ्या यशात एक छोटं, मोलाचं तंत्र बुडालं. ते तंत्र माणसांचं होतं म्हणून त्याला कुणी तंत्र म्हटलंही नाही.

एफएमची गोष्ट उलटी आहे. एडविन आर्मस्ट्राँग यांनी अमेरिकेत १९३३ साली त्याची पेटंटं मिळवली. खरखर जवळजवळ नाहीशी करणारं हे तंत्र तिथे लगेच रुजायला हवं होतं. पण १९४५ साली तिथल्या सरकारने एफएमची पट्टीच बदलली आणि लोकांनी विकत घेतलेले लाखो सेट एका फटक्यात निरुपयोगी झाले. खटल्यांत खचलेल्या आर्मस्ट्राँग यांनी १९५४ साली आत्महत्या केली. ज्याच्या सेटचा विश्वासघात झाला तो श्रोता परत यायला वीस वर्षं लागली. आपल्याकडे एफएम खऱ्या अर्थाने पसरलं ते दोन हजार सालानंतर, आणि पसरवलं ते साध्या मोबाइल फोनने. फोनच्या पोटात एफएम फुकट आलेलं, कानात घालायची वायर हीच त्याची एरियल. माणूस फोन घ्यायला गेला आणि रेडिओ घेऊन आला.

डोंगराआड मात्र एफएमचं काही चालत नाही. मध्यम लहर जमिनीला धरून वळसे घेत जाते, एफएमची लहर सरळ रेषेत. पुण्याचं एफएम नाशिक रस्त्यावर बराच वेळ साथ करतं. घोडेगाव सोडून डिंभ्याच्या वर गेलात की डोंगर आडवा येतो आणि गाणं कापल्यासारखं थांबतं. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं मूळ आंबेगाव जिथे होतं, त्या भागात कित्येक वर्षं रेडिओ म्हणजे मध्यम लहरच.

आता खोडदकडे वळू. नारायणगावपासून जवळच, शेतांच्या मधोमध पंचेचाळीस मीटर व्यासाच्या जाळीच्या तबकड्या उभ्या आहेत. एकूण तीस, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ही महाकाय दुर्बीण उभारली, आणि जागा निवडताना पाहिलेल्या गोष्टींतली एक म्हणजे या भागात माणसांच्या रेडिओचा गोंगाट कमी होता. भोवतीच्या डोंगरांनी तो आणखी अडवला. जो डोंगर आहुप्याच्या माणसाला रेडिओ ऐकू देत नव्हता, त्याच जातीच्या डोंगरांमुळे खोडदच्या शास्त्रज्ञांना आकाशगंगांमधल्या हायड्रोजनची कुजबुज ऐकू येते. दर वर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी तिथे जत्रा भरते, शाळेची पोरं ट्रकमधून येतात. त्या दिवशी मला नेहमी वाटतं की ऐकण्याची किंमत कळलेली माणसं बघायची तर ती इथे आहेत.

आकाशातूनच एक रेडिओही आपल्याकडे आला होता. वर्ल्डस्पेस. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी ही कंपनी काढली. आफ्रिका आणि आशियाला उपग्रहावरून स्वच्छ रेडिओ द्यायचा हे त्यांचं स्वप्न. मार्च २००० मध्ये एशियास्टार हा उपग्रह सुटला. प्रक्षेपकाचा प्रश्नच मिटला, कारण डोंगर कितीही असोत, वरून येणाऱ्या लहरीला ते अडवत नाहीत. जुन्नरहून बघायचं तर उपग्रह आग्नेयेकडे, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर. छोटी चौकोनी एरियल त्या दिशेला नेमकी धरली की झालं. हिंदुस्थानी संगीतासाठी ‘गंधर्व’, जुन्या हिंदी गाण्यांसाठी ‘फरिश्ता’. ज्यांनी ऐकलं ते आजही हळहळतात, आणि त्यांची हळहळ खरी आहे. मीही त्यांच्यातलाच.

तरीही ते चाललं नाही. ए. आर. रहमान यांच्यासारखा चेहरा होता, जगात सगळ्यात जास्त वर्गणीदार भारतातच होते. पण सेट वेगळा विकत घ्यायचा, त्यावर दर वर्षाची वर्गणी, आणि एरियल खिडकीशी बांधलेली. बागेत नेता येत नाही, एसटीत नेता येत नाही, सेट बिघडला तर बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे त्याचा एकही सुटा भाग नाही. ज्या तंत्राला डोंगर अडवू शकला नाही त्याला घराचं छप्पर अडवत होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. दुसऱ्या दिवशी लाखभरांवर घरांत तो सेट नुसता डबा होऊन राहिला, कारण दुसरं काहीही त्यावर लागत नव्हतं. भरलेली वर्गणी बुडाली. उपग्रह मात्र वर तसाच होता.

यानंतरची गोष्ट अजून चालू आहे, आणि मनाला तीच सगळ्यात जास्त लागते. डिजिटल रेडिओ मोंडियाल, म्हणजे डीआरएम. १९९८ साली प्रसारकांनी आणि उत्पादकांनी एकत्र येऊन हे तंत्र घडवायला घेतलं, २००३ पासून प्रसारण सुरू झालं. मध्यम लहरीच्याच पट्टीत, डिजिटल. कागदावर याच्याइतकं आपल्या मुलखाला शोभणारं तंत्र दुसरं नसेल. मध्यम लहर असल्याने खोऱ्याखोऱ्यांत शिरण्याची शक्यता, आवाज एफएमच्या तोडीचा, विजेची बचत, एकाच प्रक्षेपकावरून एकाहून अधिक वाहिन्या, पडद्यावर मजकूर, आणि आपत्तीच्या वेळी सेटला आपोआप इशारा देण्याची सोय. आकाशवाणीने देशभर पस्तीसच्या आसपास मध्यम लहर प्रक्षेपक डीआरएमसाठी सज्ज केले. पुण्याचा ७९२ किलोहर्ट्झचा प्रक्षेपक त्यात होता, मुंबईचाही होता, पणजीचा होता.

प्रक्षेपक झाले. सेट?

भारतात बनलेला डीआरएमचा सेट बाजारात आला तेव्हा त्याची किंमत दहा हजारांच्या वर. तेवढ्यात चांगला स्मार्टफोन येत होता. २०१६ नंतर तर इंटरनेट इतकं स्वस्त झालं की आकाशवाणीच्या वाहिन्या फोनवरच ऐकू येऊ लागल्या. शिवाय तोच कार्यक्रम त्याच पुणे केंद्रावरून जुन्या पद्धतीनेही चालूच होता. मग दहा हजार घालून मिळणार काय? खरखर जाईल, एवढंच. आणि खरखरीची लोकांना सवय होती.

या खरखरीबद्दल इंजिनिअर मंडळींचा एक समज आहे असं मला दिसतं. त्यांना ती निव्वळ दोष वाटते. डिजिटल रेडिओत एक तर आवाज स्वच्छ येतो, नाहीतर येतच नाही. लहर जरा उणी पडली की एकदम शांतता. जुन्या रेडिओत लहर क्षीण झाली की आवाज खरखरीत बुडत जातो, पण बुडालेला शब्दही कान ओढून काढतो. उंबऱ्यावर सेट फिरवणाऱ्याला खरखरीतून कळत असतं की केंद्र कुठे आहे, आणखी थोडं वळवलं तर सापडेल. शांततेतून काहीच कळत नाही. सेट बिघडला, वीज गेली, की केंद्रच बंद आहे? खोऱ्यातल्या माणसाला हे नवं तंत्र द्यायचं होतं तर त्याच्या मनगटातलं हे कसब आधी कुणीतरी लक्षात घ्यायला हवं होतं.

डीआरएम गाड्यांत मात्र आलं. अनेक भारतीय गाड्यांच्या संगीतयंत्रात ते बसवूनच मिळतं आणि असे संच लाखोंनी विकले गेले आहेत. आळेफाट्याच्या चौकात थांबलेल्या गाड्यांत ते असणारच. पण मालकाला कुणी सांगितलेलं नसतं. गाडीत बसला की फोन जोडतो, गाणी लावतो. एएमच्या बटणाला त्याचं बोट जातच नाही, आणि डीआरएम त्या बटणामागे आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली डिजिटल रेडिओवर शिफारशी केल्या तेव्हा हीच कोंडी समोर होती: सेट नाहीत म्हणून खासगी प्रसारक येत नाहीत, प्रसारक नाहीत म्हणून सेट बनत नाहीत. शिवाय एफएमच्या पट्टीत कोणती डिजिटल पद्धत घ्यायची याचा वाद. अमेरिकेत १९८२ साली एएमवरच्या स्टिरिओचं असंच झालं होतं. सरकारने पाच पद्धतींतून निवड बाजारावर सोडली, सेटवाले वाट बघत बसले, १९९३ साली एक पद्धत ठरली तेव्हा ऐकणारे एफएमकडे निघून गेले होते. नॉर्वेने उलट केलं. २०१७ साली तारखा जाहीर करून राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं आणि सगळ्यांना डिजिटलवर नेलं. श्रीमंत, छोटा देश. तिथेही लोक चिडले, पण सेट दुकानात होते आणि तारीख भिंतीवर होती. आपल्याकडे दोन्ही नव्हतं. आणि मी म्हणेन, आहुप्याच्या उंबऱ्यावरचा सेट बंद पाडून कुणी तारीख जाहीर केली नाही हे बरंच झालं.

डीआरएममधल्या इशाऱ्याच्या सोयीचं मोल इथेच कळतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव कोसळलेल्या डोंगराखाली गेलं. दीडशेवर माणसं. बाहेरच्या जगाला ते प्रथम कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीवर आला आणि गाव जागेवर दिसलं नाही. रेडिओने माळीण वाचलं असतं असं मी म्हणत नाही. डोंगर कधी सुटणार हे आधी कुणी सांगणार असेल तरच इशारा देता येतो. पण त्याच वर्षांत देशभर बसत असलेल्या प्रक्षेपकांत झोपलेल्या सेटला जागं करण्याची सोय होती, आणि ज्या वाड्यांत पावसाळ्यात फोनची रेंज जाते तिथे तो सेट एकाही घरात नव्हता, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. शेतकरी मंडळांना संघटक मिळाले नाहीत, डीआरएमला सेट मिळाले नाहीत; खर्च दोन्ही वेळा पाठवणाऱ्या टोकाला झाला.

मागच्या पावसाळ्याआधी मी नारायणगावच्या बाजारात तीन दुकानांत डीआरएमचा रेडिओ विचारला. पहिल्या दोघांनी नावही ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दुकानात एक तरुण पोरगा होता. त्याने फळीवरून ब्लूटूथचा स्पीकर काढून समोर ठेवला, पेन ड्राइव्ह लावायची जागा दाखवली, एफएम लावून दाखवलं.

“काका, हाच घ्या. साडेआठशे.”

“यावर मध्यम लहर लागते का? पुणे केंद्र?”

तो जरा थांबला, मग आतल्या बाजूला गेला. खोक्यांच्या मागून धूळ बसलेला एक जुन्या धाटणीचा सेट काढून आणला, मोठे दोन सेल घातले आणि खुंटी फिरवली. रस्त्यावरच्या टेम्पोंच्या आवाजात नुसती खरखर. “नाही लागत बघा,” तो म्हणाला.

मी सेट हातात घेतला आणि दुकानाच्या पायरीवर येऊन हळूहळू वळवला. पाव फेऱ्यात पुणे आलं. बाजारभाव चालू होते, आणि पोरगा काउंटरवरून वाकून विचारत होता की हे असं फिरवल्यावर कसं काय लागलं.